टाकी भरतच नव्हती

अमेरिकेत ट्रेलर घेऊन हिंडणारी माणसं कुठल्याही कॅम्पग्राउंडवर भेटली, की गप्पा हवेपासून सुरू होतात आणि संडासाच्या टाकीवर येऊन थांबतात. टाकी किती दिवसांत भरते, कुठे रिकामी करता, वास येतो का. पहिल्या वर्षी मला याची शिसारी यायची. पुढे मीही त्या गप्पांत हिरिरीने भाग घ्यायला लागले. तेव्हा या लेखाची सुरुवात टाकीपासून होते आहे म्हणून वाचणाऱ्यांनी नाक मुरडू नये. माझ्या आजाराचा पुरावा त्या टाकीत होता आणि आम्ही दोघं तो रोज बघत होतो.

श्रीकांत, माझा नवरा, पंप बनवणाऱ्या कंपनीत पस्तीस वर्षं इंजिनिअर होता. मी ईडन प्रेरीजवळच्या एका लायब्ररीत बावीस वर्षं काम केलं. दोघं एकाच वर्षी रिटायर झालो आणि त्याने सोळा फुटी ट्रेलर घेतला. आत एक पलंग, एक शेगडी, दोघांना समोरासमोर बसता येईल एवढं टेबल आणि कपाटाएवढा संडास. गेल्या सप्टेंबरात आम्ही तो गाडीमागे जोडून मिनेसोटाहून निघालो. रमतगमत सिअ‍ॅटलला मुलीकडे, रेवाकडे पोचायचं होतं. दिवसाला दीडशे मैलांच्या वर जायचं नाही आणि जागा आवडली तर दोन दिवस जास्त राहायचं, एवढेच नियम होते. आयुष्यभर घड्याळ बघून जगलेल्या माणसांना तेही नियम करूनच जमतं.

टाकी किती भरली ते दाखवणारे चार दिवे भिंतीवर होते. आदल्या वर्षी टाकी चार दिवसांत भरायची. या वेळी सहाव्या दिवशीही दुसराच दिवा लागलेला होता.

"बघ," श्रीकांत म्हणाला, "पाणी कसं मॅनेज केलंय."

मीही मान डोलावली. खरं तर माझी कंबर इतकी दुखत होती, की कॅम्पग्राउंडच्या बाथरूमपर्यंत चालत जाणं मी सोडून दिलं होतं. दिवसभर आतलाच संडास वापरत होते. म्हणजे टाकी जास्त लवकर भरायला हवी होती. हा हिशेब दोघांपैकी एकालाही सुचला नाही.

अंगदुखी

इथल्या बहुतेक मराठी घरांत भारतातून आणलेल्या गोळ्यांचा साठा असतो. इथे डॉक्टरची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी मिळते. तिकडे कोपऱ्यावरचा केमिस्ट चिठ्ठी न मागता दहा पट्ट्या काढून देतो. त्या बॅगेत चिवड्याच्या आणि भाजणीच्या पिशव्यांमध्ये खोचून येतात. आमच्याकडे प्लास्टिकचे तीन डबे होते आणि त्यांवर श्रीकांतच्या अक्षरात पोट, ताप आणि अंगदुखी असं लिहिलं होतं. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला कुणाची कंबर धरली, तर माणसं त्याला शोधत यायची. त्याला त्याचा अभिमान होता आणि मलाही होता.

मे महिन्यात ट्रेलरचा जॅक फिरवताना माझ्या कंबरेत चमक भरली. जॅक फिरवला म्हणून दुखतंय, हे आम्ही ठरवून टाकलं आणि मग तेच धरून बसलो. अंगदुखीच्या डब्यातली गोळी घेतली, की तीन-चार तास बरे जायचे. जूनमध्ये दिवसाला दोन होत्या. प्रवासाला निघालो तेव्हा तीन झाल्या. सुरुवातीला मी मागून घ्यायचे. नंतर मागायची गरज उरली नाही. सकाळच्या चहाबरोबर गोळी यायची, पाण्याचा ग्लास यायचा आणि मी गिळेपर्यंत तो उभा राहायचा. मला ते आवडायचं. सदतीस वर्षांच्या संसारात माझ्या दुखण्याकडे इतकं लक्ष कुणी दिलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये माझी वार्षिक तपासणी होती. तयारीची गडबड होती, म्हणून ती नोव्हेंबरवर ढकलली. तो फोन मी स्वतः केला होता. हे लिहायला हवं, कारण पुढे मी दुसऱ्यांबद्दल बरंच काही लिहिणार आहे.

नदीकाठी

साउथ डकोटात चेंबरलेन नावाचं गाव आहे. तिथे मिझुरी नदी इतकी रुंद आहे, की पलीकडचा काठ दुसऱ्याच कुणाच्या मुलखातला वाटतो. आम्ही काठावर दोन दिवस राहिलो. माझ्या तोंडाला लोखंडी चव होती. पाय सुजले होते, बुटात जात नव्हते, म्हणून मी श्रीकांतच्या चपला घालून फिरत होते. फिरत होते म्हणजे ट्रेलरच्या पायरीपासून बाकापर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला म्हणाले, "श्रीकांत, परत जाऊया का रे?"

"का? काय झालं?"

"बरं वाटत नाहीये. काही खावंसं वाटत नाही."

"अगं, अजून अर्धं साउथ डकोटासुद्धा क्रॉस नाही केलं. बॅडलँड्स पार्कचं बुकिंग चार महिने आधी केलंय. तिथे तीन दिवस रेस्ट घे, मग बघू." मग त्याने विचारलं, "दुपारची गोळी घेतलीस?"

"आज नको. घशाशी येतंय."

"रिकाम्या पोटी घेतेस म्हणून. आधी बिस्किट खा."

तो आत गेला आणि बिस्किट, गोळी, पाणी घेऊन आला. मी बिस्किट खाल्लं आणि गोळी घेतली.

मी एरवी भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध आहे. ट्रेलर मागे घेताना मी बाहेरून ओरडते, तो आतून ओरडतो आणि शेजारचे कॅम्पवाले खुर्च्या वळवून आमच्याकडे बघत बसतात. त्या दिवशी भांडायचं त्राण नव्हतं. शिवाय त्याचा चेहरा बघितला होता. पस्तीस वर्षं हा माणूस सुट्टीतसुद्धा फोन घ्यायचा. पहिल्यांदाच त्याला कुणी कुठे बोलावत नव्हतं. ते मी कसं मोडू, असं वाटलं. आता वाटतं, मोडायला हवं होतं. तासभर तोंड पाडून बसला असता, आणखी काय झालं असतं.

वही

बॅडलँड्सला पोचल्यावर तिसऱ्या सकाळी मी शेगडीसमोर उभी होते आणि चहाचं आधण कसं ठेवतात ते मला आठवेना. श्रीकांतला म्हणाले, "आई, गॅस बंद कर." तो हसला. मग त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि त्याचं हसू गेलं. एरवी ट्रेलर गाडीपासून सोडवायला अर्धा तास लागायचा. त्याने तो दहा मिनिटांत सोडवला.

सर्वांत जवळचं हॉस्पिटल तासाभरावर होतं, एकमजली आणि लहानसं. तरुण डॉक्टर होता, पांढऱ्या कोटाखाली काऊबॉयचे बूट घातलेला. रक्त तपासून आल्यावर तो खुर्ची ओढून बसला. डॉक्टर उभा राहून बोलला तर घरी जाता येतं, बसून बोलला तर नाही, हे मला तेव्हा कळलं. किडनीचा जो आकडा एकच्या आसपास असायला हवा, तो माझा नऊच्या वर होता.

"दुखण्यावर काही घेता का?" त्याने विचारलं.

"नाऊ अँड देन," मी म्हणाले.

"नो, नो," श्रीकांत म्हणाला. "आय हॅव द एक्झॅक्ट नंबर्स."

त्याने खिशातून वही काढली. त्या वहीत रोजचे मैल, पेट्रोल, टाकीचा दिवा, सगळं असायचं. एका रकान्यावर 'शु' असं लिहिलं होतं. ती मी, शुभा. त्याने स्पष्ट आवाजात वाचलं, कंपनीच्या मीटिंगमध्ये वाचत असेल तसं. जूनपासून ऑगस्टअखेर रोज दोन. सप्टेंबरात रोज तीन. एकही दिवस चुकलेला नाही.

डॉक्टरचं लिहिणं थांबलं. त्याने पट्टी मागून घेतली, मागची बारीक अक्षरं फोनवर मोठी करून वाचली आणि शांतपणे सांगितलं, की ही औषधं किडनीवर भार टाकतात आणि माझ्या किडन्या बहुतेक बऱ्याच आठवड्यांपासून अडचणीत आहेत. मग विचारलं, लघवी किती होते? आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. टाकीचा रकाना त्याच पानावर होता. सहाव्या दिवशी दुसरा दिवा. नवव्या दिवशी दुसराच.

श्रीकांतने वही मिटली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"हू गेव्ह हर दीज?" डॉक्टरने विचारलं. त्यात आरोप नव्हता, त्याला फक्त लिहून घ्यायचं होतं.

"आय टुक देम मायसेल्फ," मी म्हणाले.

डोकं धड चालत नसतानाही हे खोटं कसं सुचलं, देव जाणे. खोटं तरी कसं म्हणू, गोळ्या मीच तर गिळल्या होत्या. पण विचारलं ते नव्हतं.

रॅपिड सिटी

ॲम्ब्युलन्सने मला रॅपिड सिटीच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. दुसऱ्या दिवशी मानेत नळी घालून डायलिसिस सुरू झालं. चौथ्या दिवशी कंबरेच्या हाडातून मगज काढून तपासला. सहाव्या दिवशी एक मध्यमवयीन डॉक्टर आल्या आणि त्याही खुर्ची ओढून बसल्या. मल्टिपल मायलोमा. हाडांच्या मगजात होणारा रक्ताचा कॅन्सर. कंबर जॅकमुळे दुखत नव्हती. दोन मणके आतून पोखरले होते.

मला रडू आलं नाही. मला त्या डॉक्टरबाईंचा राग आला, त्यांच्या कानातल्या छान मोत्यांचा राग आला आणि खिडकीबाहेरच्या ऊन पडलेल्या डोंगरांचा आला. श्रीकांत प्रश्न विचारत होता. मी ऐकत नव्हते. मी मोजत होते, की रेवाला तेहतीस पूर्ण व्हायला किती महिने आहेत आणि तेव्हा मी असेन का.

त्यांनी सांगितलं, की कॅन्सर बरा होत नाही, पण औषधांनी बरीच वर्षं आटोक्यात राहू शकतो. किडनीचं मात्र तसं खात्रीने सांगता येत नव्हतं. किडनीच्या डॉक्टरांनी हात पसरून सांगितलं, "कधी कधी परत येतात. तीन-चार महिने वाट बघावी लागेल." परत आल्या तर डायलिसिस सुटेल. नाही आल्या तर कायमचं. त्या दिवसापासून आमच्या घरात एकच विषय राहिला. कॅन्सर हा शब्द मागे पडला, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, पण खरंच पडला.

हॉस्पिटलातला दिवस वजनाने सुरू व्हायचा. पलंगातच काटा असतो. अंगात पाणी किती साठलं ते त्यावरून कळतं. दिवसभरात एक लिटरच्या वर प्यायचं नाही, त्यात चहा, आमटी, सगळं आलं. पोटॅशियम वाढतं म्हणून बटाटा, टोमॅटो, केळं बंद. डाळ जवळजवळ बंद. डाळ नाही म्हटल्यावर मराठी माणसाने जेवायचं तरी काय? तहान ही काय चीज आहे ते मला साठीनंतर कळलं. बर्फाचा एक खडा जिभेवर पंधरा मिनिटं पुरवायला मी शिकले आणि त्याचा मला भारी गर्व होता.

डायलिसिसच्या यंत्रावर डार्ला नावाची बाई असायची. घरी तिची गुरं होती, हात खरबरीत. अंगातलं रक्त बाहेर फिरून येतं तेव्हा हुडहुडी भरते. ती न सांगता गरम केलेलं ब्लँकेट आणून पायांपासून हनुवटीपर्यंत खोचायची. येणारा प्रत्येक जण मला 'फायटर' म्हणायचा. डार्लाने तसं एकदाही म्हटलं नाही. ती विचारायची, मिझुरीच्या काठी कुठे थांबलात, वारा होता का, मासे दिसले का. त्या चार तासांत मी पुन्हा प्रवासाला निघालेली बाई असायचे. तिचे उपकार मी विसरणार नाही.

श्रीकांत गावाबाहेरच्या कॅम्पग्राउंडवर ट्रेलरमध्ये एकटा राहत होता. सकाळी सातला हजर. दुधी दोनदा उकळून, पोटॅशियम उतरलेलं पाणी फेकून, मऊ भाताबरोबर घेऊन यायचा. माझी वेणी घालायचा, आणि ती इतकी वाईट घालायचा, की नर्सेस येऊन हळूच सोडवायच्या. सगळे म्हणायचे, यू आर सो लकी. मंडळातल्या मैत्रिणींचे फोन यायचे.

"श्रीकांत किती करतोय गं तुझं," सगळ्या म्हणायच्या.

"हो ना," मी म्हणायचे आणि आतून जळायचे. हा माणूस माझं सगळं करत होता आणि मला त्याचा चेहरा बघवत नव्हता. त्याच्या हातात ग्लास दिसला, की नदीकाठचं बिस्किट आठवायचं. आजारी माणसाच्या मनात किती विष असतं, हे आजारपणावर लिहिणारे फारसं लिहीत नाहीत. माझ्या मनात होतं. भरपूर होतं.

रेवा

रेवा सिअ‍ॅटलहून आली ती मला मिठी मारून रडली आणि मग डॉक्टरांशी बोलून परत आली. तोपर्यंत तिचे डोळे कोरडे झाले होते.

"बाबा, फोर मंथ्स? आउट ऑफ अ प्लास्टिक बॉक्स?"

श्रीकांत खिडकीपाशी उभा होता.

"यू रोट इट डाउन एव्हरी डे अँड यू डिडन्ट थिंक टू कॉल समवन?"

"रेवा, मी मागून घेतल्या," मी म्हणाले. "बाबाला बोलू नकोस."

"आई, स्टॉप प्रोटेक्टिंग हिम."

"कुणी कुणाला प्रोटेक्ट करत नाहीये. मला दुखत होतं, मी घेतल्या. विषय संपला."

खरं सांगते, त्यात माया कमी आणि हिशेब जास्त होता. हे त्याच्यावर टाकलं तर तो कोसळेल, हे मला दिसत होतं. तो कोसळला तर मला कोण सांभाळणार? मला तो उभा हवा होता. म्हणून मी त्याला टेकू दिला, आणि त्या टेकूचाच मला राग यायचा.

तीन आठवड्यांनी रेवा मला विमानाने घरी घेऊन आली. श्रीकांत ट्रेलर घेऊन एकटा निघाला. दीडशे मैलांचा नियम मोडून त्याने सहाशे मैल दोन दिवसांत कापले. वाटेत चेंबरलेन लागतं. तिथे तो थांबला का, हे मी विचारलं नाही.

एकशे दहा

घरी आल्यावर सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. सेंटर वीस मिनिटांवर. मंगळवारी कॅन्सरचं इंजेक्शन पोटात. त्याबरोबरच्या गोळ्यांनी मी दोन दिवस कुणावरही खेकसायचे आणि तिसऱ्या दिवशी गळून पडायचे. थंडी सुरू झाली. चार वाजता अंधार पडायचा.

किडनी परत येते आहे का, हे लघवीवरून कळतं. श्रीकांतने मापाचं भांडं आणलं आणि फ्रिजवर कागद लावला. रोज मिलिलिटरचा आकडा लिहायचा. ऐंशी. पंच्याण्णव. एक दिवस एकशे दहा. त्या दिवशी तो स्वयंपाकघरातून ओरडला, "शुभा, एकशे दहा!" आणि मीही हसले. दोन दिवस आम्ही तो आकडा जपून वापरला. रेवाला कळवला. नंतर पुन्हा सत्तर झाले आणि फ्रिज उघडायला गेलं, की मान वळवून घ्यायची सवय मला लागली.

नोव्हेंबरात एकदा सेंटरवरून परत आलो तर ट्रेलर जागेवर नव्हता.

"विकला," तो म्हणाला. "तुला बघून त्रास होत असेल, म्हणून."

"मला विचारलं असतंस तर?"

"तू हो म्हणाली असतीस."

"म्हणाले असते. पण विचारायचं ना."

त्याचं वजन माझ्यापेक्षा जास्त उतरलं होतं. पँट पट्ट्याखाली चुण्या पडून लोंबायची. मला दिसत होतं आणि मी काही करत नव्हते.

उत्तर

जानेवारीच्या शेवटी इथल्या किडनीच्या डॉक्टरांनी बोलावलं. चार महिने होत आले होते. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि सांगितलं, की कॅन्सर चांगला आटोक्यात येतो आहे, याचा त्यांना आनंद आहे. किडन्या मात्र आता परत येतील असं त्यांना वाटत नाही.

श्रीकांतने विचारलं, "इफ शी हॅड नॉट टेकन दोज टॅब्लेट्स?"

तो हे कधी ना कधी विचारणार हे मला माहीत होतं आणि त्याने विचारू नये असं वाटत होतं. डॉक्टर प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, या आजाराने किडनी अनेकदा बिघडते. गोळ्यांनी घाई केली. लवकर आला असतात तर कदाचित वाचल्या असत्या, कदाचित नसत्या. कुणाचा वाटा किती, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. श्रीकांत आकड्यांवर जगणारा माणूस. त्याला मिळालेलं उत्तर त्याच्या वहीत बसण्यासारखं नव्हतं.

मग ट्रेसी नावाची नर्स आली. घरच्या घरी डायलिसिस करता येतं, तिने सांगितलं. यंत्र घरी येतं. घरातल्या एका माणसाला काही आठवडे शिकवतात. सुया टोचायच्या कशा, रक्तदाब बघायचा कसा, सगळं. आठवड्याच्या फेऱ्या वाचतात, तब्येतही बरी राहते.

श्रीकांतने पिशवीतून पुस्तिका काढली. ती त्याने आधीच मिळवली होती, पिवळ्या पेनने रेघा मारल्या होत्या. किती महिन्यांनी त्याच्या आवाजात थोडा जीव आला होता. "आय कॅन डू द नीडल्स," तो म्हणाला. "आय ॲम व्हेरी केअरफुल."

"नो," मी म्हणाले.

ट्रेसी माझ्याकडे वळली.

"आय विल कम टू द सेंटर."

गाडीत बसलो. काचा आतून धुरकटल्या होत्या. त्याने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"थंडीत एवढी ये-जा..." तो म्हणाला.

"श्रीकांत, तुझ्या हातून मला काही घ्यायचं नाहीये."

त्याने समोरची काच बाहीने पुसली.

"नदीवर मी म्हणाले होते, परत जाऊया. गोळी नको म्हणाले होते. तू आणून दिलीस. डॉक्टरला, रेवाला, सगळ्यांना मी सांगत आले, की मीच घेतल्या. घेतल्या मी, ते खरं आहे. पण तू दिल्यास."

बोलताना माझा आवाज इतका साधा होता, की माझं मलाच आश्चर्य वाटलं. चार महिने वाटत होतं, हे बोलले तर किंचाळेन.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"मला वाटलं तुझ्या लक्षातच नाही."

"रोज असतं. तू रेवाला तसं सांगितलंस ना, तेव्हा वाटलं, आता ही मला हे कधीच बोलणार नाही. आणि मी एकटाच हे घेऊन बसणार."

तो रडला. सदतीस वर्षांत मी त्याला वडील गेले तेव्हा एकदा रडताना पाहिलं होतं. नाक पुसायला काही सापडेना, तर हातमोज्याने पुसलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. 'तुझी काही चूक नाही' असंही म्हटलं नाही, कारण ते खरं नव्हतं. नुसती शेजारी बसून राहिले. बऱ्याच वेळाने त्याने किल्ली फिरवली आणि आम्ही घरी आलो. त्या दिवशी तो दोन पोळ्या जेवला.

मंडळातल्या एका बाईंना नुकताच हाच आजार निघाला आहे. त्यांच्या मुलीने मला लिहायला सांगितलं, म्हणून हे लिहिलं. मुलीला कदाचित धीर देणारं काही हवं होतं. धीर माझ्याकडे रोज पुरत नाही. एवढं सांगू शकते, की भारतातून आणलेली जी काही गोळी घेत असाल, ती आपल्या इथल्या डॉक्टरला दाखवा, लाजू नका. लघवी कमी झाली तर तोंड उघडा. आणि घरातल्या माणसाचा राग आला असेल, तर तो चार महिने चांगुलपणाखाली झाकून ठेवू नका. त्या चार महिन्यांत आम्ही दोघंही आपापल्या जागी एकटे होतो.

मी अजून सेंटरलाच जाते. घरचं यंत्र आणायचं की नाही, ते ठरलेलं नाही. ट्रेसी अधूनमधून विचारते. मी बघू म्हणते.

आधी तो मला सेंटरवर सोडायचा आणि न विचारता चार तास बाहेरच्या खोलीत बसून राहायचा. तिथल्या नर्सेस त्याचं कौतुक करायच्या आणि मी डोळे मिटून घ्यायचे. त्या बोलण्यानंतरच्या सोमवारी त्याने गाडी दारापाशी उभी केली, माझी पिशवी माझ्या हातात दिली आणि विचारलं, "थांबू की जाऊ?"

मागे दुसरी गाडी येऊन उभी राहिली होती.

"आज थांब," मी म्हणाले.